जाळरेषा

चोविसाव्या आठवड्यातच आलास.
पापण्या मिटलेल्या नव्हेत,
उसवायच्याच राहिलेल्या.
मांजरीच्या पिल्लागत, असं आई फोनवर म्हणाली
आणि मग बराच वेळ गप्प बसली.

बाहेर डंडी, जानेवारी,
टे नदीवर चारलाच काळोख.
पेटीवर चिठ्ठी : बेबी घोरपडे, सहाशे चाळीस ग्रॅम.
एवढा गूळ मागितला असता दुकानात
तर वर म्हटलं असतं, थोडा जास्तच घाला.

डावी पापणी उघडली तेव्हा
मी दूध काढायच्या यंत्राला जुंपलेली.
आयलीने पाहिलं आधी,
धावत आली, नर्सने धावू नये तशी.
उजवीने आणखी दोन दिवस घेतले.

डॉक्टर अडेयेमींनी हात पुसायच्या कागदावर
एक वर्तुळ काढलं.
रक्तवाहिन्या मधून निघतात, म्हणाल्या,
काठाला पोचायला पुरे नऊ महिने लागतात.
हा त्यांच्या अर्ध्या वाटेवरच निघून आलाय.
मग पेन तिथेच टेकवून ठेवलं, वाटेवर.

आमच्यात ऑक्सिजनला प्राणवायू म्हणतात,
मी आयलीला सांगितलं.
प्राण म्हणजे?
मला धड सांगता आलं नाही.
पडद्यावर सत्त्याण्णव. तिनं बटण जरासं मागे फिरवलं.
त्र्याण्णव.
कमी पडला तर जीव, जास्त झाला तर डोळे.

डोळ्यात तेल घालून राखण करतात, आपण म्हणतो.
इथे बुधवारी औषध घालतात, थेंब थेंब,
बाहुली इतकी पसरते
की डोळ्यात रंग म्हणून उरत नाही.
जिभेवर साखरपाणी. पापण्यांना तारेचा चिमटा.
बाहेर गेलात तरी चालेल, म्हणाले.
मी गेले नाही.
गेले असते तर बरं झालं असतं, असंही वाटतं कधी.

गुरुवारी इसोबेल यायची,
पांढरी काठी, टोप्यांची पिशवी.
लिंबाएवढ्या डोक्यांच्या टोप्या, स्वतः विणलेल्या.
लोकरीचा रंग दुकानदार सांगेल तो.
बावन्न सालची, बारा आठवडे आधी आलेली.
रात्रपाळीची नर्स फार मायाळू होती म्हणे,
घरी जाताना
नळी आणखी थोडी उघडून जायची.
तेव्हा कुणाला ठाऊक होतं, इसोबेल म्हणाली
आणि सुया थांबल्या नाहीत.
एकवीस, बावीस.

मार्चअखेर अडेयेमी बसून बोलल्या.
उभ्यानं बोलणारी बाई बसली तेव्हाच कळलं.
वाहिन्या फुगल्यात, वाट सोडून पळतायत.
उद्या लेझर. काठ जाळायचा,
एकेका डोळ्यात हजारावर ठिपके,
म्हणजे मधलं राहील.
सही इथे.

माझे बाबा मेळघाटात वनरक्षक.
होळीच्या आधी माणसं घेऊन
गवताचा लांब पट्टा जाळत जायचे.
चांगलं, उभं गवत. मी रडायचे.
जाळरेषा म्हणतात तिला, बाबा सांगायचे,
थोडं आपल्या हातानं जाळायचं,
मग वणवा येऊन तिथवरच थांबतो.
दर वर्षी थांबायचा का,
हे मी कधी विचारलं नव्हतं.
त्या रात्री विचारलं.
बाबा म्हणाले, बहुतेक वेळा.
मी सही केली.

आता जून.
रात्री दहाला नदी अजून उजेडाची.
चष्मा लागेल लवकर, काठाचं कमी दिसेल,
बाकी वाट पाहा, असं कागदावर आहे.
सीगल गेला की तू पाहतोस, किंवा
आवाजाकडे मान वळवतोस,
माझं ठरत नाही.

पण ती पिवळी टोपी,
जिच्यात चुकून
नारिंगी लोकरीची एक ओळ विणली गेलीय,
आता डोक्याला होत नाही, म्हणून मी हातात धरते,
डावीकडे नेते, उजवीकडे नेते,
आणि तू त्या एका ओळीमागे येतोस,
थांबतोस, पुन्हा येतोस.

दुकानदारानं चुकीचा गुंडा दिला होता.
इसोबेलला हे अजून सांगितलेलं नाही.
या गुरुवारी सांगेन.