घोडीच्या बदल्यात

मल्लिगे म्हणजे कन्नडमध्ये मोगरा.
आधीच्या मालकानं ठेवलेलं नाव, आम्ही बदललं नाही.
'बा' म्हटलं की येते, 'निल्लु' म्हटलं की थांबते.
मराठी तिला कळते ती शिव्यांपुरती.

अकरा वर्षं तिनं संकेश्वरातले नवरदेव वाहिले,
थरथरणारे, प्यालेले, एक तर झोपलेला,
आणि मुंडावळ्या बाजूला धरून ओकणारा तो हुक्केरीचा.
सगळ्यांना मारुतीच्या देवळापर्यंत नेलं, परत आणलं.
हलगी वाजली की उजवा पाय आधी.

आता नवरदेव जीपच्या टपावर उभे राहतात.
गेल्या साली एक जेसीबीच्या बकेटात बसून आला.
पुढं डॉल्बीच्या भिंती, मग पोरं, मग बायका,
आणि कुणाच्या आज्यानं हट्ट धरला म्हणून बोलावलेली ही,
सगळ्यात मागं.
वरातीमागून घोडं.
म्हण ऐकून होतो.
तिचा लगाम धरून चालावं लागेल असं वाटलं नव्हतं.

कडबा, हरभरा, भुसा, नाल.
शेवंता हिशेब वहीत लिहीत नाही,
चुलीसमोरच्या भिंतीवर कोळशानं लिहिते,
मला जेवताना दिसावा म्हणून.

सल्ल्यांना काय तोटा!
मेव्हणा म्हणाला, रातचं हायवेला सोड, काकतीच्या पुढं,
तिथं लई हायत असली, कुणाचीच नसलेली.
दस्तगीर नालबंद म्हणाला, वीटभट्टीवाला हाय एक, बगा,
आणि तोंड फिरवून खिळे निवडत बसला.
हिरेमठ डॉक्टरांनी सुईचं सांगितलं,
हळू आवाजात, फी न घेता.
फुकटाची भीती मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटली.

मी कुणालाच हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.
घोंगडं भिजत ठेवायला
आमच्या भागात कुणाला शिकवावं लागत नाही.

माघात चिंचलीला नेलं.
मायाक्काच्या जत्रेतला भंडारा उडून
तिच्या पांढऱ्या पाठीवर बसला,
तेवढ्यावर ती कामावर आल्यासारखी ताठ उभी राहिली.
एक गिऱ्हाईक आलं.
दात बघितले नाहीत, खूर बघितले नाहीत,
डोळ्यानं नुसतं वजन केलं.
विकायची नाही, म्हटलं.
मग आणलीस कशाला?
देवीला दाखवायला.

दिवस कलताना बिराप्पा आला. मेंढरं माळावर बसवलेली.
त्यानं तिच्या पाठीवरून तळहात फिरवला, जखमा शोधत,
मग विचारलं, कोकरू घेईल का पाठीवर?
म्हटलं, नवरदेव घेतलेत.
तो हसला नाही.
थोडा वेळ घेऊन म्हणाला,
मग कोकरू जड नाही.

पैसे त्याच्याकडं नव्हते,
मागायला माझ्याकडं तोंड नव्हतं.
लगमव्वानं आपल्या खांद्यावरचं घोंगडं उतरवलं,
काळं, चिंचोक्याच्या खळीनं अजून कडक,
आणि माझ्या हातावर ठेवलं.

मी झूल सोडली. आरसे, गोंडे, जर.
त्या जागी चढली पातेली, कोंबड्यांचं डालगं, एक विळा,
आणि पोत्यातून मुंड्या बाहेर काढलेली
दोन दिवसांची दोन कोकरं.
मल्लिगेनं मान वळवून त्यांचा वास घेतला.
तिला कुठली भाषा कळते
हे सांगायचं मी विसरलोच.
तो 'बा' म्हणाला.
हलगी कुठंच वाजत नव्हती.
उजवा पाय आधी.

शेवंतानं भिंत पुसली. आकडे गेले, काळपट राहिलं.
दिवाळीनंतर ते हिरण्यकेशीच्या काठानं वर येतात म्हणे,
म्हणजे कुणीतरी म्हणालं, बिराप्पा नव्हे.

थंडीत मी ते घोंगडं पांघरतो.
टोचतं. मेंढरांचा वास येतो,
आणि कॉलरपाशी कुणा अनोळखी बाईच्या तेलाचा.
शेवंता म्हणते, एकदा धुऊन तरी टाका की.
नको, म्हणतो.
हे आता भिजत घालायचं नाही.