अंजनीकाठचे अकरा बिघे

धरणगावच्या छावणीत त्याला आधी बूट दिले.
त्याने ते खांद्यावर टांगले
आणि अनवाणीच कवायत केली,
म्हणून तीन दिवसांचा पगार कापला.
ही आमच्या घराची पहिली लेखी नोंद.

नाव : दित्या. आईतवारी जन्मला म्हणून.
बापाचं नाव विचारलं
तेव्हा त्याने नुसतं डोंगराकडे बोट केलं.
कारकुनाने लिहिलं, डोंगऱ्या.
तेव्हापासून आम्ही सगळे डोंगऱ्याचे.

मागचे गुन्हे माफ, महिना पाच रुपये,
वर एक लाल पट्ट्याचा डगला.
ज्या वाटांनी तो रात्री दुसऱ्याची गुरं वळवून न्यायचा
त्याच वाटांवर आता दिवसा पहारा.
वाटांना काही फरक पडला नसावा.

मग एका पावसाळ्याआधी पलटण सातपुड्यात चढली.
कुठल्या पाण्याजवळ गोळी चालली,
समोर झाडामागे कोण होतं,
हे घरात कुणी सांगत नाही.
एवढंच सांगतात की तो परत आला तेव्हा
रुमली भाकर थापत होती,
आणि तव्यावरची नजर न काढता तिने विचारलं,
‘मना भाऊ कोठे से?’

बूट तो तोवर घालायला शिकला होता.
खाली बसून तो नाडी सोडू लागला.
भाकर करपली.
नाडी सुटेना.

नोकरी संपल्यावर अंजनीकाठी अकरा बिघे मिळाले,
सगळं पळसाचं रान,
आणि बैलजोडीपुरती तगाई.
एक बैल पहिल्याच वैशाखात गेला.
शेजारच्या गुजराने आपला बैल दिला,
पण कासरा आपल्या गड्याच्या हाती ठेवून.
कवायतीत सरळ चालणाऱ्या माणसाचं
शेतातलं प्रत्येक तास तिरकं.
गडी हसायचा.
पळसाची मुळं उपटली तरी
पुढच्या फाल्गुनात बांधावर लाल फुटायचंच.

सहा पोरं झाली. दोन तापाने नेली,
नदीच्या वरच्या अंगाला, खुणेशिवाय.
एक मुलगी वाघळीला दिली, एक कासोद्याला.
थोरला बापाचा डगला आखूड करून पोलिसात लागला.
धाकटा मामाकडे जातो म्हणून निघून गेला.
मामा नव्हता.
तरी तो मामाकडेच गेला.

दर आखाजीला रुमली दोन घागरी मांडायची.
एक सासऱ्याची,
दुसरी त्याची,
जो कधी काळी आखाजीला तिला न्यायला यायचा.
त्या दिवशी दित्या उन्हातच शेतात जायचा,
काही काम नसताना.

किती आखाज्या गेल्या ते कुणी मोजलं नाही.
एका वर्षी सकाळी तोच नदीवर गेला,
दुसरी घागर भरून डोक्यावरून घेऊन आला,
पाणी मानेवरून पाठीवर उतरत होतं,
आणि तिच्या समोर ठेवली.
ती काही बोलली नाही.
घागरीवरचं डांगर तिने दुपारी कापलं,
त्याच्या पानात एक फोड जास्त पडली.
यालाच माफी म्हणायचं का,
हे माझ्या आजीला माहीत नव्हतं,
मलाही नाही.

एक पितळी बटण उरलंय.
आकडा घासून गेलेला.
काही वर्षं ते माझ्या शाळेच्या फ्रॉकला होतं.

परवा एरंडोलला सातबारा काढायला गेले होते.
अकरातले दोनच बिघे आता आमच्या नावावर,
बाकी कुणाकुणाचे, शिक्क्यांसकट.
खुर्चीतल्या पोराने विचारलं,
‘ताई, हे डोंगरे म्हणजे मूळ कुठले?’
माझा हात आपोआप वर गेला.
बोटाच्या टोकाला खिडकी होती,
खिडकीपलीकडे झेरॉक्सचं दुकान.
तो वळून बराच वेळ तिकडेच बघत राहिला.