पिवळा बाण

यवतेश्वराच्या तिसऱ्या वळणावर चेन उतरली.
ती चढवून, ग्रीसच्या बोटांनीच
नकाशा उघडला, आणि नेमकं
पेट्रीच्या पुढचं सगळं काळं झालं.

कॅरिअरला पिवळ्या रंगाचा डबा, एक ब्रश.
काम एवढंच : रविवारी पोरं चालत येणार,
चुकू नयेत म्हणून
खडकांवर बाण काढायचे.

डांबर संपलं तशी सायकल खांद्यावर घेतली.
कारवीतून ठकूबाई आखाडे निघाल्या,
मागं नऊ म्हशी, एकीची घंटा फुटकी.
"कुणीकडं न्यायाचा ह्यो बाण?"
धनगरवाड्याकडं, म्हटलं.
"ही वाट न्हवं. ही पाण्याची.
आषाढात पाणी हितनं उतरतं,
आमी वरल्या अंगानं जातो."

मग त्या पुढं, मी मागं.
म्हशी जिथं वळल्या तिथं मी वाकलो.
सड्यावर वारा असा की रंग
दगडाऐवजी माझ्याच पँटवर.
ब्रश ठेवला, बोटानं काढले बाण,
जरा वाकडे, पण वाट तरी कुठं सरळ होती.

एका दगडाला हात लावला तर म्हणाल्या,
"ह्याला नगं. ह्यो आमचा हाय."
शेंदूर नव्हता. नारळाची करवंटीही नव्हती.
मी विचारलं नाही.

रविवारी संध्याकाळी पोरं परतली,
गुडघे खरचटलेली, खूष.
"दादा, एका मोठ्या दगडावर बाणच नाही.
तिथं आम्ही अर्धा तास चुकलो."

मी रॉकेलमध्ये बोटं चोळत होतो.
काळं निघालं.
पिवळं नखात राहिलं.