नाइट ऑफ

सात नाइट संपल्या की एक ऑफ मिळतो.
तो झोपेत घालवायचा असतो, हे मान्य.
पण यास्मीन म्हणाली, भिवगड,
आणि आम्ही चौघी हौ म्हणालो,
सहीच्या कागदावर पेशंट म्हणतात तसं,
कशाला ते न विचारता.

मेडिकल चौकातून तिच्या भाच्याची ओम्नी.
कामठी गेली, कन्हान गेलं,
पारशिवनीपर्यंत काचेवर धुकं,
आणि इंदूच्या मांडीवर सांबारवड्यांचा डबा,
नवऱ्याने गेटवर आणून दिलेला, अजून कोमट,
तासाभराच्या बाळासारखा
दोन्ही हातांनी धरलेला.

पुण्याचा एक रेसिडेंट आहे आमच्या वार्डात.
म्हणतो, सिस्टर, तुमच्याकडे कुठले आले किल्ले?
आहेत न बाप्पा.
फक्त वर चढायला रांग लागत नाही.
सागाची वाळली पानं पापडासारखी मोडतात,
आपल्याच मागून कोणी चालत येतंय असं वाटतं
आणि आपण वळून बघतो.
कोणी नसतं. एखादा बेल वाजत नसतो.

दुर्गा उईके सगळ्यांच्या पुढे. देवलापारची.
"हा चढ नोहे वो, हा तर स्ट्रेचरचा रॅम्प आहे."
मागे आमचे गुडघे.
अर्ध्या वाटेत इंदूने सगळ्यांच्या नाड्या पाहिल्या,
माझी एकशे अठरा, यास्मीनची एकशे चार,
रजिस्टर नव्हतं, पेनाने स्वतःच्या तळहातावर लिहिल्या.
पंचशीलाने मनगट दिलं नाही.
"माही नोको पाहू."

सतरा नंबरचा पोरगा पहाटे गेला होता.
चार वाजून दहा मिनिटं.
हँडओव्हर देताना तिने ते वाचलं
अठरा नंबरच्या सलाइनच्या आधी,
त्याच आवाजात.
सही केली, टोपणाशिवायचं पेन खिशात ठेवलं
आणि गाडीत येऊन बसली.
आम्ही विचारलं नाही.
आमच्यात विचारत नाहीत. डबा पुढे करतात.

दरवाजा ओलांडला तेव्हा खाली पेंच दिसली,
जानेवारीतली, अंग चोरून वाहणारी.
तटाच्या सावलीत पंचशीला टेकली,
पाच मिनिटं म्हणाली
आणि झोपली.
अशी झोप मी भूल दिलेल्यांचीच पाहिली आहे.
तोंड किंचित उघडं. एका बुटाची नाडी सुटलेली.

वरचा बुरूज राहिला होता.
"वीस मिन्टं, फार तर," दुर्गा म्हणाली.
कोणी उठलं नाही.
मग तीही बसली.

ऊन सरकलं तशी यास्मीनची ओढणी सरकली,
एक टोक दगडाखाली, दुसरं पाळीपाळीने
ज्या हाताला मुंग्या आल्या नव्हत्या त्याच्यात.
माकडं आली. दुर्गाने नुसते डोळे वटारले,
नातेवाइकांच्या गर्दीला वटारतो तसे.
आम्ही वार्डातल्या आवाजात बोलत राहिलो,
भाव, बदल्या, कोणाची सून,
आणि तासातासाला एकीने वाकून पाहिलं,
श्वास चालू आहे ना.
सवय.

या किल्ल्यावर पूर्वी काय काय झालं, मला ठाऊक नाही.
वाटेत एक पाटी होती, गंजलेली, अक्षरं गेलेली.
पण इथे रात्ररात्र कोणी जागलं असेल
आणि आत कोणी निवांत घोरलं असेल,
एवढं मला पाटीशिवाय कळतं.

तीनला उठली. गालावर दगडाची नक्षी.
"काऊन उठवलं नाही बे मले? पाह्यला का बुरूज?"
"पाह्यला," चौघी एकदम खोटं बोललो.
"कसा आहे?"
"मोठा आहे," इंदू म्हणाली.

पंचशीला हसली नाही.
बुटाची नाडी बांधली, उरलेली वडी खाल्ली,
आणि बोटं पुसून मनगट पुढे केलं.
इंदूच्या तळहातावर जागा नव्हती,
माझ्या हातावर लिहिलं: बाहत्तर.

खाली भाचा गाडीत गाढ झोपलेला.
त्याला मात्र उठवलं.