मॅंगनीज बंद

बांबोळीच्या टेकडीवर, तळमजल्यात,
काचेच्या कपाटातल्या वाऱ्यापुढे हात धरून
मी रोज दुपारी एका माणसाचं जेवण भरते:
साखर, आमिनो आम्लं, क्षार, पाणी,
आणि शेवटी एक कुपी,
जिच्यातलं डोळ्यांना काहीच दिसत नाही.
जस्त पाच मिलिग्रॅम,
तांबं मिलिग्रॅमचा तिसरा हिस्सा,
सेलेनियम साठ मायक्रोग्रॅम,
मॅंगनीज पंचावन्न.

पिशवीवर चिठ्ठी चिकटवते: सोयरू वेळीप, रिवण, वय बावन्न.
आतड्याला पीळ पडला, काळं झालं, काढलं.
उरलं ते दीड हात.

मध्ये तीन आठवडे कुपी आलीच नाही.
'पुरवठा नाही' असा शिक्का, त्याखाली माझी सही.
वजन वाढत होतं, तक्ता खूश होता,
आणि त्याच्या तोंडाभोवती लाल चट्टे उठले,
उशीवर केस.
बायकोला म्हणाला, पाणीसुद्धा कागदासारखं लागतं गे.

कुपी आली. सहाव्या दिवशी
सत्यवतीने चेपणीच्या तोराच्या खाऱ्या पाण्यात
बोट बुडवून त्याच्या ओठाला लावलं.
तो बराच वेळ छताकडे बघत राहिला.
'खारट,' म्हणाला.
ते ऐकायला मी तिसऱ्या मजल्यावर गेले होते.
तोवर पिशवीचं दुसरं टोक मी पाहिलंच नव्हतं.

मग जाऊ लागले. त्याने विचारलं, त्यात काय घालता?
जस्त म्हटल्यावर त्याला गोठ्याचे पत्रे आठवले,
तांबं म्हणजे न्हाणीतलं भाण, चिंचेने घासलेलं.
सेलेनियमला रिवणात नाव नाही.
मॅंगनीज म्हटलं, तर त्याने दोन्ही हात पुढे केले.
नखांच्या मुळाशी अजून काळी रेघ.
'बाय, हें म्हाका शिकयनाका.'
सव्वीस वर्षं. आधी घमेल्याने, मग ट्रकने,
सावर्ड्याच्या धक्क्यापर्यंत,
बार्ज पाण्यात गळ्याइतकी बुडेस्तोवर.
'आणि तुमचे पंचावन्न म्हणजे किती?'
मी म्हटलं, तुमच्या एका नखातलं काढलं
तर महिने पुरेल.
इतका हसला की टाके धरावे लागले.

आज फाइलवर: डोळे पिवळे. तांबं अर्धं. मॅंगनीज बंद.
ते पित्तावाटे बाहेर जातं,
पित्त अडलं की डोक्यात जाऊन बसतं.
मेंदूच्या फोटोत खोलवर दोन पांढरे डाग,
समोरासमोर, दिवे लागल्यासारखे.
ते खाणीतले की माझ्या पिशवीतले,
हे फोटोत कुठेच लिहिलेलं नाही.
मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काय फरक पडतो.

त्याला सांगितलं तेव्हा म्हणाला,
'बंद? आमची खाणही अशीच,
सकाळी गेलो तर फाटकावर कागद.'
आणि कप धरायला हात उचलला, तो जरासा थरथरत होता.
कप रिकामाच असतो. सवयीने धरतो.

आता एकत्र कुपी चालत नाही.
जस्त वेगळं ओढायचं, तांबं वेगळं, सेलेनियम वेगळं.
तीन सिरिंजा, पाऊण तास जास्त.

संध्याकाळी खिडकीत सत्यवती बाटली ठेवून गेली,
जुन्या औषधाचीच, आत चार तोर, वर मिठाचं पाणी.
काही बोलली नाही.
कुप्यांच्या फ्रीजमध्ये खाण्याचं काही ठेवायचं नाही,
दारावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.
ठेवली.