कोरी पाटी

मुंब्र्याच्या डोंगरात, देवीच्या पायऱ्या सोडून
डावीकडे वळलं की बाभळींमागे जो कडा लागतो
त्याचं नाव कोरी पाटी.
नाव टिपणीस सरांनी ठेवलं, शहाऐंशी साली,
पहिल्यांदा चढून गेले तेव्हा.
खाली दोर माझ्या हातात होता.
मंडळाच्या वहीत तारीख, वेळ, सरांचं नाव
आणि साक्षीदार या रकान्यात
य. ना. धोत्रे. वळणदार सही.

आम्ही वडार. बाप कळव्यात दारोदार फिरायचा,
टाकीऽये, पाट्याला टाकीऽये.
दगडाला कुणाचा हात लागलाय
ते आमच्या बोटांना डोळ्यांआधी कळतं.
पाण्याने केलेली खाच आतून मऊ असते, जिभेसारखी.
उन्हाने उडालेली कपची कडेला कापते.
टाकीची खूण तिरकी. माणूस उजवा होता की डावा
तेही सांगते.

नवव्या पकडीत दोन बोटं पेरापर्यंत जातात.
सर डावखुरे.

त्याआधी आठवडाभर सर आमच्या घरी आले होते,
खाटेवर बसून बशीतून चहा प्याले.
सुटे दगड काढायचेत, म्हणाले,
पोरांच्या डोक्यात पडतील,
वडिलांची एखादी टाकी असेल ना?
मी पेपरात गुंडाळून दिली.
मंडळातली पोरं माझा डबा वेगळा ठेवायची
तेव्हा याच माणसाने मला आपल्या दोरावर घेतलं होतं.
हेही सांगायला हवं,
नाहीतर माझाच हिशेब खोटा निघेल.

टाकी परत आली ती बोथट होऊन.
बापाने टोक नखावर घासलं.
कुणाचा पाटा टाकलास रे?
एका सरांचा.
हात बसलेला नाही, म्हणाला,
आणि कोपऱ्यात भिरकावली.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात.
खरं आहे. घाव दगडाने सोसले,
देवपण नौपाड्यात राहायला गेलं,
दुसऱ्या मजल्यावर, ट्रॉफ्यांच्या काचेच्या कपाटात.
आणि मी चाळीस वर्षं पोरांना शिकवत राहिलो,
नववी पकड हाताला लागली
की सुटलात.

मागच्या रविवारी कौशाची निलोफर चढत होती.
आठव्या पकडीवर थांबली.
खाचेत बोटं घातली, काढली,
पांढरी पूड फुंकून आत डोकावली.
काका, हे कुणी केलं?
इतक्या वर्षांत विचारणारी पहिलीच,
आणि तेही
'कसं झालं' असं नाही.
खाली बायपासवर कंटेनर गिअर बदलत होता.
मी म्हटलं, दोर ताणलेला आहे, चल.

ती खाच सोडून डावीकडे गेली,
जिथे चिमटीत धरावं असंही काही नाही.
पडली.
पुन्हा गेली, पुन्हा पडली,
सहा वेळा माझ्या कमरेला हिसका बसला.
सातव्यांदा नुसती लोंबकळत राहिली,
बोटांच्या टोकांना रक्त, तोंडाने काहीतरी पुटपुटत.
खाली घ्या, म्हणाली.

चहा पिताना म्हणाली,
काका, कोरी म्हणजे
काही न लिहिलेली, की कोरून काढलेली?
मी ग्लास विसळायला उठलो.
तिने वही ओढली, लिहिलं:
कोरी पाटी. झाली नाही.
वही माझ्याकडे सरकवली. तो रकाना रिकामा.
सही करताना माझा हात थरथरला नाही,
याचं मलाच नवल वाटलं.

येत्या शनिवारी सरांची पंचाहत्तरी, ठाण्यात.
कार्यवाह फोनवर म्हणाले,
धोत्रे, पहिल्या चढाईवर तुम्हीच बोला,
खाली तुम्हीच तर होतात.
पाच मिनिटं. फार लांबवू नका.

टाकी मी नंतर कधीच पाजवली नाही.
काल जुन्या मोज्यात घालून पिशवीत ठेवली,
काढली,
परत ठेवली.
सरांना आता कमी ऐकू येतं.
पहिल्या रांगेत बसवणार आहेत त्यांना,
स्पीकरच्या जवळ.