आता बंद करायला हरकत नाही

भवानी पेठेत, टिंबर मार्केटच्या पाठीमागे
लाकूड कामगारांची पतसंस्था, पहिला मजला.
तक्रारवहीत निळ्या शाईनं लिहिलं होतं:
"यंत्र क्र. २. बंद होते, पण बंद होत नाही."

मला हसू आलं.
मग यंत्र पाहिलं.
वाक्यात एका अक्षराची चूक नव्हती.

काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं, इंग्रजीत,
मराठीत सांगायचं तर
आता संगणक बंद करायला हरकत नाही,
आणि खाली पंखा फिरतोच आहे,
हिरवा दिवा तसाच,
वऱ्हाड गेल्यावर मांडवात राहून गेलेल्या बल्बसारखा.

शालन बेंद्रे, रोखपाल, एकोणीस वर्षं.
म्हणाल्या, "सगळं आवरतं, हिशेब मिटवतं,
निरोपसुद्धा घेतं.
मग जात का नाही?"

मी खोका उघडला. आत भुश्याचा थर,
सागवानाचा असावा.
फुंकर मारली आणि दोघंही शिंकलो.

"बाई, याचं बटण खरंखुरं बटण आहे.
दाबलं की धातूला धातू भिडतो,
तिथून तार थेट भिंतीतल्या विजेपर्यंत.
आतला प्रोग्राम कितीही शहाणा असू दे,
त्या बटणापर्यंत पोचणारा हात त्याला नाही.
तो फायली मिटतो,
आणि सांगतो, माझं झालं, पुढचं तुमचं.

नव्यांत एक बारीक हिरवी तार असते.
तिच्यावरून यंत्रच कळवतं, पुरे, वीज थांबवा.
पण हे ऐकायला कुणीतरी जागं लागतं ना,
म्हणून ते विझल्यावरही
पाच व्होल्टांवर एक डोळा उघडा ठेवून पडतं.
त्यांतलीही काही अडतात.
एखादं कार्ड होकार देत नाही,
कुठली तरी सेटिंग जुनी राहते,
आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात,
पंगतीतून आधी कोण उठणार, तसे.

म्हणजे खरं सांगू का,
हे जात नाही,
आणि ते गेल्यासारखं करतं."

"आमच्या साहेबांसारखं," त्या म्हणाल्या.
कोणते साहेब, मी विचारलं नाही.

नव्या यंत्राचा आकडा सांगितला.
मंजुरी मंडळाची, बैठक दुसऱ्या शनिवारी.
त्यांनी आकडा लिहून घेतला, चष्मा काढला.

"तक्रार माझी नाही हो.
लेखापरीक्षकांनी लिहायला लावली.
एक नंबरचं यंत्र आपलं आपण विझतं.
त्याच्याकडे पाठ फिरवली की मला खरं वाटत नाही,
जिन्यातून दोनदा परत येते.
हे बरं. हे थांबतं.
मी दाबलं की टक् वाजतं.
तेवढा आवाज घेऊन
मी रामोशी गेटपर्यंत निवांत चालत जाते."

यावर आमच्या धंद्यात उत्तर नाही.
मी पंखा पुसला, झाकण लावलं,
वहीत लिहिलं: दोष आढळला नाही.
भेटीचे शंभर. पावती दिली.

सात वाजले. बाहेरच्या करवती थांबल्या,
कानातल्या थोडा वेळ चालू राहिल्या.
बाईंनी ड्रॉवर ओढून पाहिला, किल्ली पर्समध्ये टाकली,
आणि शेवटी, न वाकता, पायाच्या अंगठ्यानं,
टक्.
पंख्याचा सूर खाली खाली गेला.
पडद्याच्या मधोमध एक ठिपका उरला,
मग तोही नाही.

त्या पुढे निघाल्या.
एकदाही मागे वळल्या नाहीत.

मी मात्र अर्ध्या जिन्यातून पुन्हा वर गेलो.
रखवालदार कुलूप घालत होता.
स्क्रू ड्रायव्हर राहिला, म्हणालो.
तो माझ्या खिशातच होता.